जुलैत ऊन नाही, मेमध्ये पाणी नाही

पत्र थोडक्यात असं: "आम्ही दोघं खारेगावला राहतो. पुढच्या वर्षी मी निवृत्त होतोय. मुरबाड तालुक्यात टोकावड्याच्या पुढे वडिलोपार्जित ४५ गुंठे जमीन आहे. सातबाऱ्यावर माझं आणि धाकट्या भावाचं नाव आहे. शेवटचा विजेचा खांब साधारण ९०० मीटरवर. तिथे ४०० चौरस फुटांची तयार केबिन टाकून वर्षातले आठ-नऊ महिने राहायचा विचार आहे. सोलरवाला १ किलोवॉटचे पॅनल, १५० एएचच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या आणि इन्व्हर्टर मिळून ९५ हजार सांगतो. रोज पाच युनिट मिळतील, फ्रिज, पंप सगळं चालेल, म्हणतो. केबिनसकट ८ लाखांत होईल का? पाण्यासाठी बोअर मारू का? आणि बायकोचा प्रश्न : पावसात संडासचं काय?"

नमस्कार.

८ लाखांत होणार नाही. १४-१५ लाख धरून चला. ते कुठे जातात हे पुढे सांगतो, पण आधी तुमच्या सोलरवाल्याचं गणित बघू, कारण तो खोटं बोलत नाही, फक्त मार्च महिन्यातलं बोलतो. १ किलोवॉटचे पॅनल मार्चच्या स्वच्छ दिवशी साडेचार-पाच युनिट देतात. जुलै-ऑगस्टमध्ये सह्याद्रीच्या पायथ्याशी त्याच पॅनलची सरासरी दोन-सव्वादोनवर येते, आणि ढग बसलेल्या दिवशी अर्धं-पाऊण युनिट हाती लागतं. असे दिवस एकेकटे येत नाहीत, चार-पाच सलग येतात. बॅटऱ्यांचंही तसंच. १२ व्होल्टच्या १५० एएचच्या (अँपियर-तास, म्हणजे बॅटरीची क्षमता) दोन म्हणजे कागदावर ३.६ युनिट. ट्युब्युलर बॅटरी रोज निम्म्याखाली उतरवली तर चार-पाच वर्षांचं आयुष्य दोन वर्षांवर येतं. म्हणजे वापरायला मिळतात १.८ युनिट.

आता तुमची गरज मोजा. ९ वॉटचे चार दिवे पाच तास : ०.१८ युनिट. बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे दोन, ३० वॉटचे, दहा तास : ०.६ (साधा पंखा ७०-७५ वॉट खातो, तो खारेगावलाच राहू द्या). लहान, एका दाराचा इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा फ्रिज : उन्हाळा धरून ०.७. राउटर, लॅपटॉप, फोन मिळून ०.३. टीव्ही तीन तास : ०.१४. अर्ध्या एचपीचा पंप वीस मिनिटं : ०.२. मिक्सर : ०.०६. झाले साधारण २.२. यात बहुतेक जण एक गोष्ट विसरतात : इन्व्हर्टर स्वतः चोवीस तास २५-३० वॉट खातो, काही चालू असो वा नसो. ते झाले ०.६ ते ०.७ युनिट, म्हणजे तुमच्या फ्रिजइतकेच. एकूण २.८ युनिट. इन्व्हर्टर घेताना 'नो लोड' वापर किती हे माहितीपत्रकात बघा आणि पॉवर-सेव्ह मोड आहे का विचारा.

या गरजेला आमचा हिशेब असा : ५४० वॉटचे चार पॅनल (२.१६ किलोवॉट), ५१.२ व्होल्ट १०० एएचची लिथियम फेरो फॉस्फेट बॅटरी (५.१ युनिट, त्यातले चार बिनधास्त वापरा), ३ केव्हीएचा प्युअर साइनवेव्ह इन्व्हर्टर. पावसात पंखे कमी लागतात, गरज सव्वादोन-अडीचवर येते. वाईट दिवशी पॅनल १.१ ते १.५ देतील. रोजची तूट सव्वा युनिटाच्या आसपास, म्हणजे भरलेली बॅटरी तीन दिवस नेईल. चौथ्या दिवशी फ्रिज बंद करायचा, की आणखी दोन दिवस निघतात. त्यापुढे लहान पेट्रोल जनरेटर. लिटरभर पेट्रोलमागे दीड-दोन युनिट मिळतात, म्हणजे युनिट पन्नास रुपयांच्या वर जातं. म्हणून तो वर्षाकाठी वीस-तीस तासांसाठीच. त्याने दिवे लावायचे नाहीत, बॅटरी भरून घ्यायची आणि जनरेटर बंद करायचा.

पॅनल कसे जोडायचे हे वायरमनवर सोडू नका. या मापाच्या पॅनलचा उघड्या सर्किटचा व्होल्टेज ४९-५० असतो. पॅनलची वीज बॅटरीत भरणाऱ्या बऱ्याच चार्जरची कमाल मर्यादा १४५-१५० व्होल्ट असते. तीन पॅनल ओळीत जोडले की खोलीत बसून केलेला हिशेब १४८ येतो, 'बसतंय' असं वाटतं. पण पॅनल थंड असला की व्होल्टेज चढतो, दर अंशाला सुमारे ०.२७ टक्के. जानेवारीत सकाळी १२ अंशाला तेच तीन पॅनल १५३-१५४ वर जातात आणि सूर्य उगवताच चार्जर जळतो. वॉरंटीवालाही नोंद काढून दाखवतो की मर्यादा ओलांडली होती. उलट एकटा पॅनल ४१ व्होल्ट देतो, त्याने ४८ व्होल्टची बॅटरी भरतच नाही. दोन-दोन ओळीत, दोन्ही जोड्या समांतर : मेच्या उन्हात पॅनल तापून व्होल्टेज सत्तरच्या आसपास उतरला तरी बॅटरी भरते आणि थंडीतही मर्यादेच्या बरंच खाली राहतं.

१२ व्होल्टचा संच घेऊ नका, स्वस्त पडला तरी. २ किलोवॉटचा भार १२ व्होल्टवर १६५ अँपियरच्या पुढे ओढतो. तेवढ्या जाडीची केबल महाग, तिचे लग (टोकाच्या जोडण्या) गरम होतात, आणि आग लागते ती तिथेच. ४८ व्होल्टवर तोच भार ४० अँपियर. बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंत २५ चौ.मिमी तांब्याची, दोन मीटरच्या आत, आणि बॅटरीच्या अगदी शेजारी डीसी फ्यूज. पॅनलच्या बाजूला घरातली साधी एमसीबी लावतात, ही सर्रास होणारी चूक. एसीचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे तुटताना पडलेली ठिणगी विझते. डीसीत ती विझत नाही, एमसीबी आतून वितळते. 'डीसी' लिहिलेलीच घ्या. वीज पडण्याचा जोर तुमच्या भागात वळवाच्या पावसात आणि परतीच्या पावसात असतो, म्हणून डीसी आणि एसी दोन्हीकडे सर्ज संरक्षक आणि पॅनलच्या सांगाड्याला अर्थिंग हवंच. मुरमाड-खडकाळ जमिनीत अर्थिंगचा खड्डा माती मिळेल तिथे घ्या आणि उन्हाळ्यात त्यात पाणी घालत राहा.

पॅनल केबिनच्या पत्र्यावर नको, जमिनीवर घोडा करून, दक्षिणेकडे तोंड, २० अंशांच्या आसपास कल. धुवायला सोपं जातं, पत्र्याला भोकं पडत नाहीत. घोड्याचे पाय काँक्रीटमध्ये, कारण वळवाचा वारा पॅनलला शिडासारखा उचलतो. आंब्या-चिंचेची सावली एका कोपऱ्यावर जरी पडली तरी अख्ख्या जोडीचं उत्पादन बसतं. बोल्ट चोरीविरोधी नटचे. माकडं पॅनलवर बसतात, त्याला इलाज नाही.

हे सगळं मजुरी-वाहतुकीसह पावणेतीन ते तीन लाख. आणि एक गैरसमज काढून टाका : पीएम सूर्यघर योजनेचं ७८ हजारांपर्यंतचं अनुदान ग्रिडला जोडलेल्या छतासाठी आहे, खांबच नसलेल्या घराला ते मिळत नाही. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकऱ्याने दहा टक्के भरून अडीच एकरापर्यंत ३ एचपीचा पंप मिळतो, पण त्याला पाण्याचा खात्रीचा स्रोत लागतो, आणि तो शेतीचा पंप आहे, त्यावर घर चालवायचं नाही. मात्र या सगळ्याआधी महावितरणकडे अर्ज करून ९०० मीटर लाइनचं अंदाजपत्रक काढून घ्या. आकडा तीन लाखांच्या आत आला तर वेगळाच विचार करावा लागेल.

विजेला लोक घाबरतात, पण विजेचा प्रश्न पैशाने सुटतो. पाण्याचा सुटेलच असं नाही. शेजारच्या शहापूर तालुक्याकडे बघा : भातसा, तानसा, मोडकसागर तिथले, मुंबई त्या पाण्यावर जगते, आणि तिथल्याच पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकर फिरतात. पाऊस अडीच हजार मिलिमीटरचा, पण काळ्या बेसॉल्टच्या खडकात तो साठत नाही, भेगांतून आणि सच्छिद्र थरांतून वाहून जातो. बोअर त्या भेगेला लागली तर लागली. शेजारच्या वावरात २०० फुटांवर पाणी आणि तुमच्याकडे ३५० फुटांवर धुरळा, हे इथे नेहमीचं. भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडून जागा बघून घेतल्याशिवाय आणि मे महिन्यात आजूबाजूच्या विहिरी बघितल्याशिवाय बोअरला हात लावू नका. लागली तरी १ एचपीचा सबमर्सिबल सुरू होताना तीन ते पाच पट प्रवाह ओढतो आणि वर सांगितलेला ३ केव्हीएचा इन्व्हर्टर बहुधा ट्रिप होईल. बोअरला स्वतंत्र पॅनलवर चालणारा डीसी पंपच लावावा लागतो.

तुमचा खात्रीचा स्रोत म्हणजे छप्पर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. केबिन आणि पडवी मिळून ५५ चौरस मीटर पत्रा धरा : २,५०० मिमीवर गळती-उडती वजा जाता एक लाखाहून जास्त लिटर. दोघांना रोज १२० लिटर, ऑक्टोबरच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत २४० दिवस : २८,८०० लिटर. म्हणजे ३० हजारांची साठवण हवी. ४ मीटर व्यासाची, २.४ मीटर उंचीची फेरोसिमेंटची टाकी बरोबर तेवढी होते. नाहीतर ५ हजारांच्या सहा काळ्या टाक्या. खर्च दोन्हीकडे सव्वादोन लाखांच्या आसपास. आमचा कल सहा टाक्यांकडे : एकीत उंदीर मेला तर पाच शिल्लक राहतात. मात्र प्रत्येकीला स्वतंत्र व्हॉल्व्ह ठेवा, नाहीतर सहा टाक्या म्हणजे एकच टाकी. १२० लिटरमध्ये बाग बसत नाही, वॉशिंग मशिनही नाही.

पन्हळ जोरदार सरीच्या हिशेबाने घ्या. तासाला १०० मिमीच्या सरीत ५५ चौरस मीटरवरून सेकंदाला दीड लिटर येतं. १५० मिमी रुंद पन्हळ, ११० मिमीचे दोन उतारपाइप, आणि ओव्हरफ्लोचा पाइप आत येणाऱ्या पाइपाइतकाच जाड. तो अर्ध्या इंचाचा ठेवतात आणि मग टाकीचं झाकण पाण्यावर तरंगताना दिसतं. उन्हाळ्याच्या धुळीनंतरचं पहिलं २ मिमी पाणी, म्हणजे ११० लिटर, टाकीत जाऊ देऊ नका. चार इंची पाइपात मीटरला आठच लिटर मावतं, म्हणून पाइप लावून भागत नाही, २०० लिटरचा ड्रम मध्ये बसवा, खाली छोटी तोटी ठेवून तो आपोआप रिकामा होऊ द्या. तोंडाला डासांची जाळी. वापराच्या टाकीत हजार लिटरला ५ ग्रॅम ब्लीचिंग पावडर, बादलीत कालवून, निवळ वरचं पाणीच ओतायचं. पिण्याचं उकळून. सिमेंटचे जुने पत्रे कुणी फुकट देत असेल तर पिण्याच्या पाण्यासाठी घेऊ नका.

आता वहिनींचा प्रश्न, जो खरं तर पहिला असायला हवा होता. दोन शोषखड्ड्यांचा संडास बांधा. खड्डे मीटर-सव्वामीटर व्यासाचे, तेवढेच खोल, जाळीदार विटकाम, तळ मातीचाच. मध्ये एक मीटर अंतर, वरून काँक्रीटचं झाकण. भांडं शहरातलं नको, तीव्र उताराचं ग्रामीण पॅन आणि २० मिमी पाणी धरणारा ट्रॅप घ्या : दीड-दोन लिटरमध्ये साफ होतं. शहरी भांड्याला सहा-आठ लिटर, म्हणजे तुमच्या १२० मधले तीस-चाळीस तिथेच गेले. एक खड्डा भरला की चेंबरमधला मार्ग बदलायचा. बंद खड्डा दीड-दोन वर्षांनी उघडला की कोरडं, वास नसलेलं खत निघतं. पावसात बिघडतं ते एकाच कारणाने : भाताच्या खाचराला लागून, सखल जागी खड्डे घेतले तर भूजल वर येऊन ते भरतात आणि भांड्यातलं पाणी उतरत नाही. म्हणून जागेतली उंच बाजू, खड्ड्याभोवती मातीचा उंचवटा, विहीर-बोअरपासून १५ मीटर लांब. केबिनपासून संडासापर्यंत छपराचा जोडमार्ग आणि दिवा. जुलैच्या रात्री छत्री-बॅटरी घेऊन चिखलातून जायची हौस आठवड्यात संपते.

केबिनबद्दल थोडंच. नुसत्या पत्र्याचा डबा मेमध्ये भट्टी होतो, ५० मिमी पफचे (आत उष्णतारोधक फोम भरलेले) पॅनल घ्या. चौरस फुटाला दीड हजार धरा, ४०० फुटांचे ६ लाख. जोतं दोन फूट दगडी, आणि पश्चिम-नैर्ऋत्येला चार फूट पडवी, कारण झड त्याच बाजूने येते आणि पॅनलच्या सांध्यातून आत शिरते. 'चाकांवरची केबिन, परवानगी लागत नाही' असं विक्रेता म्हणेल. ते त्याच्याकडून नव्हे, ग्रामपंचायत आणि तहसीलमधून लेखी घ्या.

कागदांचा मुद्दा मात्र तुमच्या बाबतीत नाजूक आहे. शेतघराला किमान ४० गुंठे क्षेत्र लागतं. तुमचे ४५ आहेत, पण भावाबरोबर सामाईक. उद्या वाटणी झाली की प्रत्येकी साडेबावीस, आणि शेतघर दोघांनाही नाही. वाटणीच्या आधी भावाची लेखी संमती घेऊन परवानगी काढा, किंवा एकत्रच ठेवा. सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात खाजगी वन, कूळ किंवा ३६अ (आदिवासी जमिनीच्या हस्तांतरणावरचं बंधन) असा उल्लेख आहे का, भोगवटादार वर्ग २ (हस्तांतरणाला सरकारी परवानगी लागणारी जमीन) आहे का, हे आजच बघा. ठाणे जिल्ह्यात खाजगी वनाची नोंद असंख्य जमिनींवर आहे, आणि ती असली तर पहिला दगड लावण्याआधी वकील गाठा. वाट पाणंदीची आहे की कुणाच्या बांधावरून, तेही नकाशात तपासा. टँकर आणि रुग्णवाहिका तिथूनच यायची आहे.

स्वयंपाक गॅसवरच. दोघांना वर्षाला सहा-सात सिलिंडर, एक कायम भरलेला बाजूला. इंडक्शन या संचावर नको. गोबरगॅसचा सल्ला कुणी देईल, पण २ घनमीटरच्या संयंत्राला रोज ५० किलो शेण लागतं, म्हणजे चार-पाच जनावरं. अंघोळीला तांब्याचा बंब, जळण आवारातच पडलेलं असतं. मोबाइल सिग्नलसाठी बाजारात मिळणारे बूस्टर बेकायदा आहेत. उंच काठीवर अँटेना लावलेला सिम-राउटर चालतो. जमिनीवर झोपू नका : मण्यार रात्री उबेला येते आणि तिचा दंश कित्येकदा कळतही नाही. खाट, आणि गादीखाली खोचलेली मच्छरदाणी. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात प्रतिसर्पविष आहे का, हे जूनआधी जाऊन विचारून या. १०८ क्रमांक पाड्यावरून लागतो का, तेही.

तर बेरीज : केबिन ६ लाख, जोतं-पडवी सव्वा लाख, वीज ३, पाणी पावणेतीन (टाक्या, पन्हळ, पंप), संडास-न्हाणी ६० हजार, जनरेटर, कुंपण आणि किरकोळ १ लाख. १४ लाख ६० हजार. दरवर्षी बॅटरी-इन्व्हर्टरसाठी १५ हजार बाजूला, पावसाआधीची रंगरंगोटी-डागडुजी तेवढीच, गॅस-पेट्रोल मिळून ९-१० हजार. शिवाय खारेगावच्या फ्लॅटचा मेन्टेनन्स चालूच राहणार, आणि तुम्ही नसताना लक्ष ठेवणाऱ्याला महिन्याचं काहीतरी द्यावं लागेल. रिकाम्या केबिनमधून पहिल्यांदा तांब्याची केबल जाते, मग बॅटरी.

सोलरवाल्याला आगाऊ दिली नसेल तर अजून देऊ नका. दिली असेल तर त्याच्याकडून एकच ओळ लिहून मागा : ऑगस्टमधल्या ढगाळ दिवशी या संचातून किती युनिट मिळतील.

आणि काहीही विकत घेण्याआधी दोन मुक्काम करा. गावात खोली भाड्याने घेऊन मेचे शेवटचे पंधरा दिवस आणि जुलैचे मधले पंधरा, दोघांनी मिळून. मेमध्ये जमिनीच्या सर्वांत जवळच्या विहिरीत दोरीला दगड बांधून सोडा, पाणी किती फुटांवर आहे आणि खाली किती उरलंय ते मोजा. जुलैत रोज सकाळी पाणंद गाडीने पार होते का आणि ओढा किती तास अडवतो ते वहीत लिहा. हे आकडे आम्हाला कळवा. टाक्या सहा की आठ, ते त्यावर ठरेल.